तीनदा ‘निगेटिव्ह’, आणि तरीही भीती

कर्करोग उपचारांची त्रिस्तरीय व्यवस्था उभारण्याच्या धोरणाला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली. त्याआधी, २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात, तीन वर्षांत देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची ‘डे केअर’ केंद्रे सुरू करण्याची आणि त्यांपैकी २०० केंद्रे पहिल्याच वर्षी उभारण्याची घोषणा झाली होती. अमरावती आणि अकोल्यासारख्या जिल्ह्यांसाठी हे निर्णय स्वागतार्ह आहेत. केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीसाठी नागपूरची वाट धरणे, त्यासाठी घरातल्या एका माणसाची मजुरी बुडणे आणि गुरावासरांची सोय शेजाऱ्यांवर सोपवणे हे ज्यांनी केले आहे, त्यांना जिल्ह्याच्या गावी सलाइन लागणे म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. मात्र या घोषणांत खाटा मोजल्या जातात, यंत्रे मोजली जातात, तज्ज्ञांची पदे मोजली जातात. निदान कळल्यापासून पहिले औषध शिरेत जाईपर्यंतचे दिवस, आणि उपचार संपल्यानंतरची दोन-तीन वर्षे, या काळात रुग्ण स्त्री ज्या भीतीत जगते तिची मोजदाद कोठेच होत नाही. ही भीती ही तिची खासगी बाब आहे आणि धीराच्या चार शब्दांनी ती भागते, असे आपल्या आरोग्ययंत्रणेने आणि बऱ्याच अंशी आपल्या समाजानेही गृहीत धरले आहे.

स्तनाच्या कर्करोगाच्या आक्रमक प्रकारांत, विशेषतः ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात, हे गृहीतक फार महागात पडते. या प्रकारात कर्कपेशींवर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोन संप्रेरकांचे रिसेप्टर नसतात आणि हर-टू हे प्रथिनही वाढलेले नसते. म्हणजे नेहमीची संप्रेरकविरोधी गोळी येथे लागू पडत नाही आणि हर-टूवर नेमका घाव घालणारे औषधही कामाचे नाही. उरते ती मुख्यतः केमोथेरपी, शस्त्रक्रिया आणि रेडिएशन. पाश्चात्त्य देशांत स्तनाच्या कर्करोगाच्या दहा ते पंधरा टक्के रुग्णांत हा प्रकार आढळतो. भारतातील निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्र विचार केला तर हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास जाते. त्यातच आपल्याकडे स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य स्त्रियांच्या तुलनेत सुमारे दहा वर्षे लवकर गाठतो. मुलांच्या शाळा चालू आहेत, घराचे हप्ते फिटायचे आहेत, अशा वयात हा अहवाल हाती पडतो.

आणि अहवाल पडतो तो कसा? इंग्रजीतील कागदावर, बऱ्याचदा पॅथॉलॉजी लॅबच्या खिडकीतून, डॉक्टरांची भेट व्हायच्या आधी. कावीळ, एचआयव्ही अशा तपासण्यांनी आपल्याला एक सवय लावली आहे : ‘निगेटिव्ह’ म्हणजे सुटलो. येथे तो शब्द तीनदा लिहिलेला असतो आणि घरातला शिकलेला मुलगा तो वाचून क्षणभर आनंदतो. पुढच्या भेटीत जेव्हा तीन ‘निगेटिव्ह’ म्हणजे अधिक आक्रमक असे कळते, तेव्हा बसणारा धक्का दुप्पट असतो. त्याच कागदावर ‘ग्रेड थ्री’ असते. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याची श्रेणी, आणि स्टेज म्हणजे रोग शरीरात कोठवर पोहोचला त्याचा टप्पा. या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रिपल निगेटिव्ह गाठ बहुधा ग्रेड तीनचीच असते. ती पहिल्या किंवा दुसऱ्या स्टेजलाही तशीच असते. परंतु दर्यापूर किंवा तेल्हाऱ्याच्या घरी ‘तिसरी’ हा शब्द पोहोचतो तो तिसऱ्या स्टेजच्या अर्थाने, आणि तेथून पुढे नातेवाइकांच्या फोनवर तो ‘शेवटची’ व्हायला वेळ लागत नाही.

तिसरा गैरसमज याहून खोल आहे. डॉक्टर ‘पाच वर्षांचे प्रमाण’ सांगतात आणि ऐकणारी ‘पाच वर्षांचे आयुष्य’ असे ऐकते. कर्करोगशास्त्रात पाच वर्षे हा केवळ मोजणीचा एक सोयीचा खुंटा आहे. निदानानंतर पाच वर्षांनी शंभरांपैकी किती स्त्रिया हयात होत्या, एवढेच तो सांगतो. त्या सहाव्या वर्षी जातात असे तो मुळीच सांगत नाही. हा फरक समजावून सांगायला दोन मिनिटे लागतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ती दोन मिनिटे मिळत नाहीत, आणि एक स्त्री मुलीच्या दहावीपर्यंत आपण असू की नाही याचा हिशेब बोटांवर करत घरी परतते. ‘आता कसं होईन?’ हा वऱ्हाडी प्रश्न ती कोणाला विचारत नाही. विचारला तर उत्तर ठरलेले असते : ‘काही होत नाही, घाबरू नको.’

आकडे लपवून भीती कमी होत नाही, म्हणून ते येथे सांगितलेलेच बरे. देशातील अकरा लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी केंद्रांच्या माहितीवरून २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या सतरा हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कर्करोगाच्या सर्व प्रकारांत मिळून पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण ६६.४ टक्के निघाले. रोग स्तनापुरताच असताना निदान झाले तर ते ८१ टक्के होते. काखेतील गाठींपर्यंत किंवा आसपास पसरलेला असेल तर ६५.५ टक्के, आणि दूरच्या अवयवांत गेल्यावर १८.३ टक्के. ट्रिपल निगेटिव्ह प्रकाराचे निकाल सरासरीपेक्षा वाईट असतात, हे मान्य केले पाहिजे. पण या आकड्यांतला सर्वात मोठा उतार प्रकारामुळे पडत नाही. तो पडतो रोग किती पसरल्यावर स्त्री दवाखान्यात आली त्यामुळे. म्हणजे गाठ लागल्यावर ‘दुखत तर नाही’ म्हणून सोयाबीन निघेपर्यंत थांबण्याची किंमत यात आहे.

शिवाय प्रत्येक टक्केवारी ही भूतकाळाचे छायाचित्र असते. वर दिलेले आकडे २०१२ ते २०१५ मधील उपचारांचे आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. सुदीप गुप्ता यांनी अमेरिकेत सॅन अँटोनियो येथील परिषदेत एका चाचणीचे निष्कर्ष मांडले. ट्रिपल निगेटिव्ह असलेल्या सातशेहून अधिक भारतीय स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वीच्या केमोथेरपीत कार्बोप्लॅटिन हे औषध जोडून दिले, तेव्हा पन्नास वर्षे आणि त्याहून कमी वयाच्या स्त्रियांत पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे ६६ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर गेले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही, हेही त्याच चाचणीने सांगितले. कार्बोप्लॅटिन हे जुने औषध आहे, अनेक भारतीय कंपन्या ते बनवतात आणि ते जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळते. एका मात्रेला लाखांच्या घरात जाणाऱ्या इम्युनोथेरपीची चर्चा वृत्तपत्रांतून पुष्कळ होते, आणि तिचाही लाभ २०२० पासूनच्या चाचण्यांत सिद्ध झालेला आहे. परंतु अकोटच्या कापूस उत्पादकाच्या घरी भीती घटवू शकणारी बातमी कार्बोप्लॅटिनची आहे. ती त्याच्यापर्यंत पोहोचली का, हा खरा प्रश्न.

हर-टू पॉझिटिव्ह प्रकाराची गोष्टही येथे आठवण्याजोगी आहे. नव्वदच्या दशकात तो प्रकार निघाला की डॉक्टरांचे चेहरे पडत. १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत मान्य झाले, २००५ मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातील रोगातही त्याचा मोठा उपयोग दिसला, २०१४ पासून भारतात त्याची देशी जैवसदृश आवृत्ती मिळू लागली आणि २०१५ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत ते आले. एकेकाळचा सर्वाधिक धास्तीचा प्रकार आज बऱ्याच बाबतींत आटोक्यातला गणला जातो. ट्रिपल निगेटिव्हच्या बाबतीत तसेच होईल, असे छातीठोकपणे कोणी सांगू नये. पण ‘या रोगाचे असेच होते’ असे ठामपणे सांगणारे शेजारी बहुधा वीस वर्षांपूर्वीच्या कोणा आत्याची हकिकत सांगत असतात, एवढे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

सरासरीच्या आकड्याशी कसे वागावे, याचे एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटाच्या अस्तराचा दुर्मीळ कर्करोग झाला. ग्रंथालयात जाऊन त्यांनी वाचले की, या रोगात मध्यमान आयुष्य आठ महिन्यांचे आहे. सांख्यिकी जाणणाऱ्या या माणसाने स्वतःला विचारले की, मध्यमान आठ महिने म्हणजे निम्मे रुग्ण आठ महिन्यांपेक्षा अधिक जगले. मग ते किती अधिक जगले? आलेखाची उजवीकडची शेपटी लांब होती, आणि वय, निदानाची वेळ, उपचार पाहता आपण त्या शेपटीत असण्याची शक्यता बरी आहे, असे त्यांच्या लक्षात आले. गूल्ड त्यानंतर वीस वर्षे जगले आणि २००२ मध्ये वेगळ्याच कर्करोगाने गेले. या हकिकतीतून ‘जिद्द असेल तर सगळे जमते’ असा अर्थ काढणे चूक ठरेल. त्यांना आधार मिळाला तो आकडा पूर्ण वाचल्याने.

जिद्दीचा मुद्दा आलाच आहे, तर त्यावर थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. ‘पॉझिटिव्ह राहा’ हा सल्ला आज कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाला दिवसातून दहा वेळा मिळतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु त्याच्या पोटात एक क्रूर उपप्रमेय दडलेले आहे : रोग उलटला तर तू पुरेशी ‘पॉझिटिव्ह’ नव्हतीस. शास्त्र याला दुजोरा देत नाही. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५७८ स्त्रियांच्या ब्रिटिश अभ्यासात लढाऊ वृत्तीचा आयुर्मानावर काहीही परिणाम आढळला नाही. तीव्र हताशेचा मात्र काही प्रतिकूल परिणाम दिसला. २००१ मध्ये कॅनडातील २३५ स्त्रियांच्या चाचणीत आधारगटात नियमित बसल्याने आयुष्य वाढले नाही. पण मनाची घालमेल आणि वेदनेची जाणीव कमी झाली. दोन्हींचा एकत्र अर्थ काय? घाबरलेल्या स्त्रीला तिच्या भीतीबद्दल दोषी वाटायला लावू नये, आणि तिला हताशेत एकटी सोडूही नये. रडणारी स्त्री आपल्या गाठीला खतपाणी घालत नसते.

आता आपल्या घरांकडे वळू. वऱ्हाडात, आणि खरे तर सगळ्या महाराष्ट्रात, रोगाचे नाव रुग्णापासून लपवण्याची रीत अजून गेलेली नाही. डॉक्टरांच्या खोलीत नवरा, दीर आणि भाऊ जातात. ज्या बाईची गाठ आहे ती बाहेर बाकावर बसते. ‘तिला सांगू नका, ती खचेल,’ असे डॉक्टरांना आधीच बजावलेले असते. मग ती गेलेले केस पाहते, शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून औषधाचे नाव ऐकते, रुग्णालयाच्या दारावरची पाटी वाचते. तिला सगळे कळलेले असते, आणि कळले आहे हे घरच्यांना कळू नये म्हणून तीही गप्प राहते. दोन्ही बाजूंनी प्रेमापोटी चाललेले हे नाटक भीतीला सर्वात पोषक असते; कारण ज्या गोष्टीबद्दल बोलता येत नाही ती मनात नेहमी मूळ आकारापेक्षा मोठी होते. यात एक व्यावहारिक तोटाही आहे. रोगाची गंभीरता ठाऊक नसलेली स्त्री तिसऱ्या फेरीनंतर बरे वाटले की केमो सोडून देते, शेतात निंदणाला जाते, आणि ज्या प्रकारात वेळापत्रक पाळणे सर्वात महत्त्वाचे त्यातच खंड पडतो.

ती आत बसली तर तिने काय विचारावे? रोग कोणत्या स्टेजचा आहे. उपचाराचा हेतू रोग समूळ काढण्याचा आहे की ताब्यात ठेवण्याचा. पुढची पायरी कोणती आणि ती कोणत्या तारखेला. एवढ्या उत्तरांनी भीती जात नाही, पण तिला कडा येतात. ‘मरेन का’ या अथांग प्रश्नाऐवजी ‘चौथ्या फेरीनंतर गाठ किती आटली’ असा उत्तर असलेला प्रश्न हाती येतो. ट्रिपल निगेटिव्हमध्ये तर हे विशेष खरे आहे, कारण शस्त्रक्रियेपूर्वीच्या केमोने गाठ पूर्ण नाहीशी झालेल्या स्त्रियांचे पुढचे निकाल लक्षणीय चांगले असतात. आणि ती उरली असेल तर पुढे आणखी औषध देता येते.

उपचार संपल्यानंतरच्या भीतीलाही असे वेळापत्रक आहे, आणि ते बहुतेकींना सांगितले जात नाही. टोरांटोच्या एका रुग्णालयातील स्त्रियांच्या २००७ मधील अभ्यासाने दाखवले की, ट्रिपल निगेटिव्ह रोग उलटण्याचा धोका पहिल्या तीन वर्षांत सर्वाधिक असतो आणि नंतर झपाट्याने उतरतो. पाच वर्षे निर्वेध गेली, तर पुढे तो उलटण्याची शक्यता फार कमी राहते. याउलट संप्रेरकांवर पोसणारा, एरवी सौम्य समजला जाणारा कर्करोग वीस वर्षांनीही डोके वर काढू शकतो. म्हणजे आक्रमक रोगाची धास्ती तीव्र, पण तिला ओसरण्याची वेळ आहे. पहिल्या तीन वर्षांत जीव टांगणीला लागतो यात तिचा दुबळेपणा नाही. तो काळच तसा आहे. या काळात घाबरलेली कुटुंबे दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन करून घेतात, त्यासाठी प्रसंगी सोने मोडतात. काही लक्षण नसताना अशा वारंवार तपासण्यांनी आयुष्य वाढत नाही, असे इटलीतील दोन मोठ्या चाचण्यांनी १९९४ मध्येच दाखवले होते आणि आजही मार्गदर्शक तत्त्वे ठरावीक मुदतीने डॉक्टरांची तपासणी व वर्षातून एक मॅमोग्राफी एवढेच सांगतात. हाडाचे सतत दुखणे, न जाणारा खोकला, नवी गाठ, असे काही झाले तर मात्र थांबू नये.

मुलींचा प्रश्न याला चिकटून येतो. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात बीआरसीए-१ या जनुकातील दोष सापडण्याची शक्यता इतर प्रकारांपेक्षा अधिक असते, म्हणून जनुकीय चाचणी सुचवली जाते. ती केली जात नाही, कारण मुलीचे लग्न व्हायचे असते. दोष असलाच तर मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि कळल्यास तिच्यासाठी बरेच काही करता येते. पण स्थळे पाहण्याच्या मोसमात हे पटवणे कठीण, हे मान्य.

वऱ्हाडाला कर्करोगाची ओळख नवी नाही. यावलीत जन्मलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये मोझरीला कर्करोगानेच गेले आणि नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. शेंडगावच्या गाडगेबाबांनी परगावी उपचाराला जाणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर असावे म्हणून धर्मशाळा बांधल्या. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही टाटाचे रुग्ण उतरतात. अमरावतीहून संध्याकाळी सुटणाऱ्या मुंबईच्या गाडीत बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला या स्थानकांवर फायली छातीशी धरलेली माणसे चढतात, हे नेहमीच्या प्रवाशांना ठाऊक आहे. पैशाच्या बाजूनेही काही घडले आहे. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत अमरावती होता. तीच आज महात्मा फुले यांच्या नावाने चालते आणि कर्करोगाचे उपचार तिच्यात येतात. प्रवास, निवास, पैसा यांची सोय कोणी ना कोणी पाहिली. मनाची पाहिली नाही.

असे म्हणावे, तर मनाच्या आरोग्याचा सरकारी अनुभव राज्यात सर्वाधिक असलेल्या भागांत वऱ्हाडच मोडतो. शेतकरी आत्महत्यांमुळे का होईना, ‘प्रेरणा प्रकल्प’ विदर्भ-मराठवाड्यातील ज्या चौदा जिल्ह्यांत राबवला गेला त्यांत अमरावती आणि अकोला दोन्ही आहेत. आशा स्वयंसेविकांनी घरोघरी जाऊन प्रश्नावली भरायची, नैराश्याची लक्षणे दिसलेल्यास जिल्हा रुग्णालयातील समुपदेशकाकडे आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचे, अशी त्याची रचना होती. तिच्या अंमलबजावणीवर टीका झाली आणि ती रास्तही असेल. पण ‘झोप लागते का, जगण्यात रस वाटतो का’ असे ओसरीवर बसून विचारायला ही यंत्रणा शिकली आहे. कर्ज बुडालेल्या शेतकऱ्याला विचारायचे प्रश्न केमोच्या दोन फेऱ्यांमध्ये घरी आलेल्या त्याच्या बायकोला विचारायला वेगळे प्रशिक्षण फारसे लागणार नाही.

होऊ घातलेल्या ‘डे केअर’ केंद्रांच्या मंजूर पदांत एक समुपदेशक असावा. निदानाच्या वेळी अहवालाचा अर्थ सांगणारे एक मराठी पान रुग्णाच्या हातात पडावे, ज्यावर ग्रेड आणि स्टेजमधला फरक मोठ्या अक्षरांत असेल. आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांचा एक दिवस केमोच्या खोलीत जावा. यांपैकी एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही. ज्यांचा रोग दूर पसरलेला आहे, त्यांच्यासाठी तर असे बोलणे अधिकच आवश्यक. त्यांना खोटा धीर नको असतो, वेदना आटोक्यात राहतील याची खात्री हवी असते. तोवर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक आहे. तेथे मराठीत बोलता येते, रात्रीही फोन उचलला जातो आणि पैसे लागत नाहीत. केमोच्या वेळापत्रकाच्या कागदावर, डॉक्टरांच्या क्रमांकाखाली, तो आजच छापायला कोणाच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही.